गच्चीवरून नळापर्यंत : सोसायटीतल्या गरम पाण्याची वाट

डहाणूच्या खाडीकाठी 250 मेगावॉटचे दोन संच असलेले औष्णिक वीजकेंद्र 1990च्या दशकाच्या मध्यापासून चालू आहे. तिथे कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते आणि तयार झालेली वीज उच्चदाब वाहिन्यांवरून मुंबईच्या उपनगरांकडे जाते. कोळशात जेवढी उष्णता असते तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीची उष्णता चिमणीतून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. मग सकाळी सहा वाजता उपनगरातल्या एखाद्या सातव्या मजल्यावर कुणी गीझरचे बटण दाबते आणि एवढ्या खटाटोपाने मिळवलेल्या विजेची पुन्हा उष्णता होते. भट्टीत हजार अंशांच्या पुढे गेलेली आग शेवटी आंघोळीचे पाणी 41 अंशांवर आणण्याच्या कामी येते.

ही फेरी टाळता येते आणि टाळायला हवी. गच्चीवर पडणाऱ्या उन्हाला पाणी 60 अंशांपर्यंत तापवायला कोळसा लागत नाही. पालघर, बोईसर, डहाणू रोड या स्टेशनांभोवती आता चार-चार, सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत. डहाणू-तलासरीत आश्रमशाळा आणि वसतिगृहे आहेत. कोसबाडच्या टेकडीवर शिक्षणसंस्था आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. जिथे पन्नास-शंभर माणसे एका छपराखाली राहतात, तिथे पाणी एकत्र तापवून नळीने सगळ्यांना देणे हा स्वस्त मार्ग आहे. तरीही अनेक सोसायट्यांत गच्चीवर सोलर असते आणि प्रत्येक न्हाणीघरात गीझरही चालू असतो. विचारले की उत्तर ठरलेले : "आमच्याकडे सोलरचं पाणी गरम येतच नाही."

अशा वेळी दोष बहुधा सोलरवर ढकलला जातो आणि नवे पॅनेल घेण्याचा ठराव होतो. पण पाणी गच्चीवर पुरेसे तापलेले असते आणि नळापर्यंत पोहोचताना निवते, हीच गोष्ट जास्त वेळा आढळते. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा वाटेकडे अधिक लक्ष दिले आहे. गरज किती, उष्णता कुठे गळते, पाणी कुणाकडे जाते, ते कधी फिरवायचे, आणि हे सगळे झाल्यावर पाणी तापवायचे कशाने, या क्रमाने पाहू.

आधी गरज मोजा

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेचे एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. एवढ्या दोन आकड्यांवर सगळा हिशेब होतो.

आपल्याकडे हिवाळ्यात टाकीतले पाणी साधारण 22 अंशांवर असते. आंघोळीला 41 अंश पुरतात. 20 लिटरची बादली 19 अंशांनी तापवायची म्हणजे 380 किलोकॅलरी, अर्ध्या युनिटाच्याही आत. सोलरच्या टाकीत पाणी 60 अंशांवर असेल तर त्या बादलीत 10 लिटर गरम आणि 10 लिटर विसण लागते. तेच शॉवरखाली आठ मिनिटे उभे राहिले आणि शॉवरमधून मिनिटाला 9 लिटर पाणी येत असेल, तर 72 लिटर वापरले जातात आणि दीड युनिटाहून अधिक उष्णता जाते. शॉवरची जाळी बदलून प्रवाह मिनिटाला 6 लिटरवर आणला तर त्याच वेळात एक तृतीयांश गरम पाणी वाचते. एवढी मोठी बचत इतक्या कमी पैशांत दुसऱ्या कशानेही होत नाही.

आता एक इमारत समजा. खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्यावर चार घरे, एकूण 16 घरे आणि 64 माणसे. माणशी दोन बादल्यांची आंघोळ धरली तर 60 अंशांचे सुमारे 1,300 लिटर पाणी लागते. स्वयंपाकघर, पाहुणे आणि थोडी जादा तरतूद धरून 2,000 लिटरची व्यवस्था पुरेशी होते. हे पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला रोज 70,000 किलोकॅलरी, म्हणजे 81 युनिट लागतात. एवढे काम गीझरांनी केले आणि देशातल्या सरासरी कोळशावर एका युनिटाला 700 ग्रॅम कोळसा धरला, तर एका इमारतीच्या आंघोळीसाठी रोज 57 किलो कोळसा जळतो.

हेच काम उन्हाने करायचे तर 100 लिटरला 2 चौरस मीटर या नेहमीच्या प्रमाणाने 40 चौरस मीटरचे सपाट संग्राहक, म्हणजे सोलरची पॅनेल, लागतात. आपल्या भागात उघडिपीच्या दिवशी एका चौरस मीटरवर साधारण 5 युनिटांइतके ऊन पडते. त्यातले 40 ते 45 टक्के पाण्यात उतरले तरी 81 युनिट भरून निघतात. डहाणू 20 अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे साडेसेहेचाळीस अंशांवरच असतो. म्हणून संग्राहकांचे तोंड दक्षिणेला आणि कल 20 अंशांहून जास्त, 30-35 अंशांपर्यंत ठेवला तर हिवाळ्यात, म्हणजे गरज असते नेमकी तेव्हा, अधिक उष्णता मिळते.

टाकीत काय चालते

गरम पाणी हलके असते, ते वर राहते, थंड पाणी खाली बसते. चांगल्या टाकीत हे थर शाबूत राहतात. वरच्या थरातून 60 अंशांचे पाणी नळाला जाते, खालून थंड पाणी संग्राहकाकडे जाते. तळाशी थंड पाणी हळू, पसरून आत यावे, धारेने येऊ नये. ते जोरात शिरले की टाकी ढवळली जाते आणि 60 आणि 25 मिळून सगळे पाणी 42-43 अंशांचे होते. उष्णता तेवढीच असते, पण नळापर्यंत जाताना पाच-सहा अंश उतरले की ते पाणी कामाचे राहत नाही. आडव्या टाकीपेक्षा उभ्या, उंच टाकीत थर चांगले टिकतात.

लहान व्यवस्थेत टाकी संग्राहकाच्या वर बसवतात आणि पाणी आपोआप फिरते. मोठ्या व्यवस्थेत त्यासाठी पंप असतो. संग्राहकाचा वरचा भाग टाकीच्या तळापेक्षा आठ-दहा अंश गरम झाला की हा पंप सुरू व्हावा आणि फरक तीन-चार अंशांवर आला की थांबावा. त्याची संवेदके निखळलेली असतील तर पंप रात्रीही चालू राहतो, टाकीतले गरम पाणी संग्राहकात नेतो आणि आकाशाला उष्णता देऊन गार पाणी परत आणतो. दिवसभराची कमाई अशी रात्रीत जाते. आपोआप चालणाऱ्या व्यवस्थेतही टाकी नीट वर नसेल तर रात्री उलटा प्रवाह सुरू होऊ शकतो.

आपल्याकडचे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. असे पाणी तापले की क्षार सुटतात आणि तांब्याच्या बारीक नळ्यांत चुन्याचा थर धरतो. 60 अंशांच्या वर हे काम झपाट्याने होते. एखाद्या संग्राहकाची काच दुपारी हाताला शेजारच्यापेक्षा फारच गरम लागली, तर त्यातून पाणी फिरत नाही असे समजावे. त्याला जाणकाराकडून क्षार काढून घ्यावा लागतो. पाणी फारच जड असेल तर निर्वात नळ्यांचे संग्राहक किंवा मध्ये उष्णता-विनिमयक घातलेली बंद व्यवस्था बरी.

उष्णता कुठे गळते

टाकीपासून प्रत्येक घरापर्यंत गरम पाण्याची लाइन जाते. गच्चीवर आडवी, मग शाफ्टमधून उभी. नुसती एकेरी लाइन असेल तर रात्रभरात तिच्यातले पाणी गार होते. 25 मिलिमीटर व्यासाच्या नळीत मीटरला सुमारे अर्धा लिटर पाणी मावते. 20 मीटर दूर असलेल्या नळाला गरम पाणी येण्याआधी 10 लिटर थंड पाणी सोडून द्यावे लागते. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, तिथे हे पाणी गटारात जाताना पाहवत नाही.

यावरचा उपाय म्हणजे रिटर्न लाइन. प्रत्येक उभ्या लाइनच्या शेवटापासून एक बारीक नळी परत टाकीकडे आणतात आणि छोट्या पंपाने पाणी फिरते ठेवतात. नळ उघडला की लगेच गरम पाणी येते, पाणी वाचते. पण वळसा पूर्ण झाला की नळी चोवीस तास गरम राहते आणि चोवीस तास उष्णता हवेत सोडते. खरा खर्च इथे लपलेला असतो.

आपल्या समजलेल्या इमारतीत गच्चीवरची, उभी आणि परतीची मिळून 120 मीटर लाइन आहे, असे धरू. 60 अंशांच्या पाण्याची उघडी, एक इंची लोखंडी नळी 25 अंशांच्या हवेत दर मीटरला सुमारे 40 वॉट उष्णता गमावते. 120 मीटरला दिवसाचे 115 युनिट होतात. सगळ्या इमारतीच्या आंघोळीला लागतात 81. नळी जर सतत 60 अंशांवर ठेवायची म्हटली तर माणसांपेक्षा भिंतींना आणि हवेला जास्त उष्णता जाते. गच्चीवरच्या पॅनेलना ते जमत नाही, म्हणून पाणी कोमट येते आणि सोसायटी म्हणते की सोलर चालत नाही.

त्याच नळीवर एक इंच जाडीचे चांगले आवरण घातले की मीटरमागचा तोटा साडेआठ वॉटच्या आसपास येतो. 115 युनिटांचे 25 होतात. आणि पंप फक्त सकाळी तीन तास आणि संध्याकाळी दीड तास चालवला, तर चालू वेळेतला तोटा आणि दोन वेळा नळीतले पाणी नव्याने तापवण्याचा खर्च धरूनही दिवसाला 10 युनिटांच्या आत काम भागते. 115, 25, 10 हे तीन आकडे सोसायटीच्या फलकावर लिहून ठेवण्यासारखे आहेत. वाऱ्यावर असलेल्या उघड्या नळीचा तोटा याहून अधिक असतो.

एकदा सवडीने गच्चीवर जाऊन हे आवरण हाताने तपासा. काळ्या फोमची नळी नवी असताना लवचिक असते. पत्र्याचे किंवा कापडाचे झाकण न घालता ती उन्हात सोडली की दोन-तीन वर्षांत वरून करडी पडते, बोट लावले की भुकटी सुटते, जोडावरची टेप सुटून लोंबू लागते आणि पावसाचे पाणी आत झिरपते. भिजलेले आवरण उष्णता अडवत नाही. कोपर, टी आणि व्हॉल्व्ह यांच्यावर तर बहुतेक वेळा आवरण घातलेलेच नसते, कारण तिथे कापून बसवायला वेळ लागतो. उघडा व्हॉल्व्ह म्हणजे उघड्या नळीचा चांगला लांब तुकडाच. म्हणून काम देताना "सांधे, कोपर आणि व्हॉल्व्हसकट" असे लिहून घ्यावे आणि उन्हातल्या भागावर अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे वेष्टन मागावे. डहाणू, बोर्डी, घोलवडसारख्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेने साधा लोखंडी पत्रा आणि स्टँड लवकर गंजतात, हेही ध्यानात ठेवावे.

पाणी सगळ्यांना सारखे का येत नाही

पाणी सोपी वाट पकडते. पंपाला जवळच्या उभ्या लाइनमधून पाणी फिरवायला कमी जोर लागतो, म्हणून बहुतेक पाणी तिथूनच परत येते आणि टोकाच्या लाइनला थेंब-थेंब मिळते. चिकूच्या वाडीत पाटाच्या तोंडाजवळची झाडे भिजत राहतात आणि शेवटची ओळ कोरडी राहते, तसेच हे. वाडीत माणूस पाटाला बांध घालून पाणी पुढे लोटतो. इथे तो बांध म्हणजे प्रत्येक रिटर्न लाइनवरचा व्हॉल्व्ह.

बहुतेक ठिकाणी मात्र टोकाच्या घराची तक्रार आली की मोठा पंप बसवतात. त्याने जवळच्या लाइनमधून आणखी पाणी धावते, टाकी ढवळते, विजेचे बिल वाढते आणि टोकाचे घर तसेच राहते. आपल्या इमारतीत आवरण घातलेल्या लाइनचा तोटा जेमतेम एक किलोवॉट आहे. पाणी पाच अंश उतरून परत आले तरी चालते असे धरले, तर तेवढी उष्णता पोहोचवायला मिनिटाला अवघे 3 लिटर पाणी फिरणे पुरते. त्याला शंभर वॉटच्या आतला पंप चालतो. पंपाचा वेग 80 टक्क्यांवर आणला की त्याला लागणारी वीज जवळपास निम्मी होते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते.

तोल साधण्याचे काम एका सकाळचे आहे. सगळे रिटर्न व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवून पंप अर्धा तास चालवा. नळीला लावून वाचता येणारा साधा तापमापक घ्या आणि प्रत्येक रिटर्न लाइनचे तापमान टाकीजवळ मोजून कागदावर लिहा. सर्वांत गरम येणारी लाइन जवळची असेल. तिचा व्हॉल्व्ह थोडा बंद करा, वीस-पंचवीस मिनिटे थांबा, पुन्हा सगळी तापमाने घ्या. मग दुसऱ्या गरम लाइनकडे वळा. सगळ्या लाइन दोन-तीन अंशांच्या फरकात आल्या की काम झाले. प्रत्येक व्हॉल्व्ह किती फेरे बंद आहे ते रंगाने त्याच्यावर लिहा आणि दांडा काढून ठेवा, म्हणजे पुढच्या तक्रारीला कुणी येऊन तो फिरवणार नाही. या कामाला साधा बॉल व्हॉल्व्ह उपयोगी पडत नाही. तो थोडा उघडला की एकदम सुटतो. बारीक फरक करता येणारा बॅलन्सिंग व्हॉल्व्हच हवा.

कोमट पाण्याचे आणखी एक कारण घराच्या आत असते आणि ते शोधायला सर्वांत अवघड जाते. न्हाणीघरातल्या मिक्सरला जेट स्प्रे किंवा हाताचा शॉवर जोडलेला असतो. शॉवरचे बटण बंद केले, पण मिक्सरचे गरम आणि थंड असे दोन्ही नळ उघडेच राहिले, तर दोन्ही लाइन आतून एकमेकींना मिळतात. थंड लाइनचा दाब जास्त असेल तर थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरते आणि त्या उभ्या लाइनवरच्या सगळ्या घरांना कोमट पाणी येते. परीक्षा सोपी आहे. गच्चीवर त्या लाइनचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह आणि रिटर्नचा व्हॉल्व्ह दोन्ही बंद करा आणि खालच्या घरातला गरम नळ उघडा. नळीतले पाणी संपले की धार थांबायला हवी. थांबली नाही तर कुठल्या तरी घरातून थंड पाणी येत आहे. घरोघरी मिक्सरच्या मागे एकमार्गी व्हॉल्व्ह बसवणे हा त्यावरचा कायमचा उपाय.

थंड देशांतही हेच धडे

आपल्याकडे हे गरम पाणी अंगावर घेतले जाते. युरोपात आणि कॅनडात तसेच पाणी बंद नळ्यांतून भिंतीलगतच्या रेडिएटरमध्ये फिरवून अख्खी इमारत ऊबदार ठेवतात. जर्मनीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ते रेडिएटर रोजचे आहेत. तिथली दुखणीही ओळखीची वाटतील. बॉयलरजवळच्या घरांत इतके गरम होते की लोक भर हिवाळ्यात खिडक्या उघडतात आणि टोकाच्या घरातले लोक स्वेटर घालून बसतात. टोकाच्या घराला ऊब मिळावी म्हणून बॉयलरचे तापमान वाढवले की वाढलेली उष्णता पहिल्या घराच्या खिडकीतून बाहेर जाते.

तिथेही तंत्रज्ञ आधी लाइनचा तोल साधतात, नळ्यांना आवरण घालतात, वेग कमी-जास्त होणारा पंप बसवतात आणि खोलीच्या तापमानाप्रमाणे आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह प्रत्येक रेडिएटरला लावतात. हे झाले की पाणी 80 अंशांऐवजी 55 अंशांवर पाठवूनही घरे ऊबदार राहतात. याचा फायदा दुहेरी आहे. नैसर्गिक वायूच्या धुरात पाण्याची वाफ असते. परतीचे पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच ती वाफ बॉयलरमध्ये निवून आपली उष्णता पाण्याला देते. पाणी जितके गार परत येईल तितका तोच बॉयलर कमी वायूत जास्त काम करतो. कमी तापमानावर भागवणे हा सगळ्या पाणी-तापवण्याच्या व्यवस्थांचा समान नियम आहे, मग खाली वायूचा बॉयलर असो की वर गच्चीत सोलर.

पिण्या-आंघोळीच्या पाण्याच्या बाबतीत मात्र या नियमाला एक मर्यादा आहे आणि ती पाळलीच पाहिजे. लिजिओनेला नावाचा जिवाणू 20 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसांत जातो. 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या एका संमेलनात त्याच्या साथीने माणसे दगावली, त्यानंतर त्याची ओळख पटली. म्हणून टाकीतले पाणी 60 अंशांपर्यंत जायला हवे आणि परतीचे पाणी 50 अंशांच्या वर असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. वीज वाचवण्यासाठी टाकी कायम 45 अंशांवर ठेवणे ही खोटी काटकसर आहे. बंद राहिलेल्या घरातले नळ उघडून आधी थोडे पाणी वाहू द्यावे. उलट 60 अंशांचे पाणी थेट अंगावर आले तर काही सेकंदांत भाजते, तेव्हा वृद्ध आणि लहान मुले असलेल्या घरात आणि वसतिगृहात तापमान आटोक्यात ठेवणारा मिश्रण-व्हॉल्व्ह लावावा.

पावसाळ्याचे काय

जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन दिवसचे दिवस दिसत नाही. त्यासाठी टाकीत विजेची कॉइल ठेवतात. ती टाकीच्या तळाशी असते आणि तिचे बटण पावसाळा संपल्यावरही कुणी बंद करत नाही. मग रात्रभर वीज जळून सकाळी टाकी भरगच्च गरम असते, आंघोळी कमी झाल्या तर दिवसाच्या उन्हाला तापवायला थंड पाणी उरत नाही आणि सोलर नुसते शोभेला राहते. कॉइल टाकीच्या वरच्या तृतीयांशात असावी, तिला पहाटे चारनंतरच चालू होणारा टायमर असावा आणि वरचे पाणी पुरेसे गरम असेल तर ती लागूच नये.

यापेक्षा चांगला सोबती म्हणजे हीट पंप. हा उलट्या दिशेने चालणाऱ्या फ्रिजसारखे काम करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो आणि एका युनिट विजेवर तीन युनिटांच्या आसपास उष्णता देतो. हवा जितकी गरम तितके त्याचे काम सोपे होते, म्हणून पालघर जिल्ह्याचे दमट, उबदार पावसाळी हवामान त्याला मानवते. 81 युनिटांचे काम तो 27-30 युनिटांत करतो. पण वर सांगितलेली 115 युनिटांची गळती तशीच ठेवून हीट पंप आणला, तर महागड्या यंत्राने भिंती तापवण्याचे कामच चालू राहील. म्हणून त्याचा क्रम शेवटचा.

घरोघरचे गीझर एकदम काढता येत नाहीत आणि काढूही नयेत. पण नवा घेताना त्यावरचे तारांकनाचे लेबल वाचा. न वापरता नुसता गरम ठेवल्यास 24 तासांत किती उष्णता गमावतो, हे त्यावर दिलेले असते. सोलरची लाइन गीझरमधून नेली असेल तर गीझर बंद असतानाही त्यातून गरम पाणी मिळते आणि पावसाळ्यात तो फक्त उरलेले काही अंश तापवतो.

या भागासाठी एक विशेष सूचना

नोव्हेंबर 2018पासून धुंदलवाडी, तलासरी आणि आसपासच्या गावांनी भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवली आहे. 2,000 लिटर पाणी म्हणजे दोन टन वजन, शिवाय टाकी आणि संग्राहक. ते गच्चीच्या स्लॅबच्या मधोमध ठेवण्याऐवजी तुळई आणि खांबांवर यावे. टाकीचे पाय स्लॅबशी बोल्टने पक्के बांधलेले असावेत आणि टाकीला जोडणाऱ्या नळ्यांत लवचिक तुकडा असावा. जुन्या इमारतीवर नवे सोलर चढवण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती घ्या. काचेच्या नळ्यांचे संग्राहक कठड्यापासून आत बसवा.

सोसायटीने काय करावे

पुणे महापालिका सोलर बसवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते. त्यामुळे तिथे पुष्कळ इमारतींवर सोलर दिसते. बसवण्याला उत्तेजन मिळते हे चांगलेच आहे, पण बसवलेले नीट चालते की नाही हे रोज गच्चीवर पाहायला महापालिका येणार नाही. ते काम सभासदांचेच आहे.

त्याला फार खर्चही नाही. एका रविवारी पहाटे पाच वाजता टाकीच्या वरच्या नळीचे, प्रत्येक रिटर्न लाइनचे आणि प्रत्येक मजल्यावरच्या एका नळाचे तापमान मोजा. टाकी 58 आणि नळ 40 दाखवत असेल तर नवे पॅनेल घेऊ नका, लाइन दुरुस्त करा. टाकीच 40 दाखवत असेल तर संग्राहकांतला क्षार, धूळ, सावली आणि रात्री चालणारा पंप तपासा. दुरुस्तीचा क्रम असा ठेवा : आधी थंड पाणी गरम लाइनमध्ये सोडणारे मिक्सर, मग आवरण, मग तोल, मग टायमर, मग लहान पंप आणि सर्वांत शेवटी नवे यंत्र. पहिल्या चार कामांना लागणारा पैसा नव्या यंत्राच्या किमतीपुढे थोडा आहे आणि बहुतेक बचत त्या चार कामांतच आहे.

ज्या आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात अजून लाकडावर पाणी तापते, किंवा मुले थंडीत गार पाण्याने आंघोळ करतात, तिथे अशी व्यवस्था ही चैन नाही. ती चांगल्या आवरणासह, छोट्या लाइनसह आणि ती सांभाळणारा एक शिकवलेला माणूस ठेवून बसवावी. नाहीतर दोन पावसाळ्यांनी गच्चीवर गंजलेला सांगाडा उरतो.

गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते आणि थंडी त्यानंतर लागते. यंदाच्या विषयपत्रिकेत "गरम पाण्याच्या लाइनची तपासणी आणि आवरण" हा विषय आजच लिहून सचिवांकडे द्या, आणि सभेला येताना पहाटेची मोजलेली तापमाने बरोबर आणा.